शेळ्या कोणी मारल्या हे ठरण्याआधीच लांडग्याला विष घालावे काय?

बालाघाटकर (पाटोदा, जि. बीड) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमचे गाव बालाघाटाच्या माथ्यावर आहे. पाण्याखालची जमीन थोडी, मुरमाड माळ आणि गायरान अधिक, त्यामुळे ज्यांना शेतीवर भागत नाही अशा बहुतेक घरांच्या दारात दोन-चार उस्मानाबादी शेळ्या बांधलेल्या असतात. दसरा-दिवाळीनंतर धडधाकट माणसे ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर कारखान्यांवर निघून जातात आणि शेळ्या म्हाताऱ्या आईवडिलांच्या भरवशावर राहतात, हे आमच्या भागातील मंडळींना सांगायला नको.

यंदा टोळ्या गेल्यानंतर शेळ्या मरण्याचे प्रकार वाढले. एका घराच्या गोठ्यातून रात्रीतून दोन करडे नाहीशी झाली. दुसऱ्या घरी एकाच रात्री चार शेळ्या फाडलेल्या आढळल्या. तिसऱ्या वेळी माळावर चरणाऱ्या कळपातून दिवसाढवळ्या एक पाठ (तरुण शेळी) उचलली गेली आणि ती नेणारा लांडगा दोन गुराख्यांनी डोळ्यांनी पाहिला. या तिसऱ्या घटनेनंतर आधीच्या दोन्ही घटनाही लांडग्याच्याच खात्यावर जमा झाल्या. त्यातच २०२४ साली उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात लांडग्यांनी मुलांवर केलेल्या हल्ल्यांच्या चित्रफिती पुन्हा मोबाइलवर फिरू लागल्या आणि शाळेत जाणाऱ्या पोरांची काळजी वाटून बायामाणसेही बोलू लागली.

मारुतीच्या पारावर बैठक झाली. मेलेल्या शेळीत कीटकनाशक भरून ती ओढ्यात टाकावी, असे एकाने सुचवले. बीळ शोधून त्यात धूर कोंडावा, असे दुसऱ्याने. आणि रानडुकरांसाठी चोरून सोडतात तसा तारेत वीजप्रवाह सोडावा, असे तिसऱ्याने. विरोध कोणी केला, तर माळावर वाडा (मेंढरांचा फिरता तळ) घेऊन उतरलेल्या धनगरांनी, ज्यांची कोकरे दरवर्षी जातात, आणि एका मोठ्या शेतकऱ्याने, ज्याच्याकडे एकही शेळी नाही. ज्यांचे नुकसान सर्वात जास्त तेच लांडग्याची बाजू घेतात, हे पाहून तरुण मंडळी चिडली आणि बैठक निर्णयाविना उठली.

मी ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. कायदा मोडावा असे मला वाटत नाही; परंतु ज्या घरच्या चार शेळ्या एका रात्रीत गेल्या, त्या घरी जाऊन ‘वन्यजीव आहे, सहन करा’ एवढेच सांगण्याची माझी तयारी नाही. भरपाई नेमकी कशी मिळते, बंदोबस्ताचा कोणता उपाय खरोखर चालतो, आणि तुमच्या गावांत याबाबत लोकांचे मत काय आहे, हे जाणकारांनी कृपया लिहावे.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक (भूम, जि. धाराशिव)

आपण सांगितलेल्या तीन घटना गावाने एकत्र बांधल्या आहेत. त्या सोडवून पाहिल्या तर चित्र बरेच निराळे दिसते. दिवसा उचललेली पाठ लांडग्याचीच, त्यात शंका घेण्याचे कारण नाही. एकाच रात्री चार शेळ्या फाडल्या गेल्या हे वाचताच माझ्या मनात पहिला संशय कुत्र्यांचा येतो. नाहीशा झालेल्या करडांबाबत तर लांडगा, कोल्हा, कुत्रा, बिबट्या आणि दोन पायांचा चोर, असे सर्वच शक्य आहेत. शेळीचोराला लांडग्याचे नाव फार सोयीचे पडते, हे मी नोकरीच्या काळात पुष्कळदा पाहिले आहे.

मेलेले जनावर वाचता आले पाहिजे. लांडगा सहसा गळा धरतो, आणि करडू लहान असेल तर ते तोंडात घेऊन सरळ निघून जातो, मागे रक्ताचे चार थेंब आणि ओढ्याकडे गेलेला माग एवढेच उरते. मोठे जनावर जागेवर मारले तर पोटाकडून किंवा मागच्या फऱ्याकडून खायला सुरुवात करतो. मोकाट कुत्र्यांच्या झुंडीची रीत वेगळी असते. ती मागून धावतात, त्यामुळे चावे मांड्यांवर, कासेवर, शेपटीच्या बुडाशी, कानांवर, असे कुठेही आणि पुष्कळ असतात. एक मरते, तीन जखमी होतात आणि मांस फारसे खाल्लेले नसते. हा नियम लोखंडी नाही, कारण कोंडलेल्या जागेत शिरलेला लांडगाही कधीकधी गरजेपेक्षा जास्त जनावरे मारतो. म्हणून पुढची खूण अवश्य पाहावी.

दातांच्या खुणांभोवतीची कातडी चाकूने थोडी सोलून आतून पाहावी. जनावर जिवंत असताना चावा बसला असेल तर कातडीखाली काळपट लाल रक्त साकळलेले दिसते. आधीच मेलेल्या जनावराला नंतर कोणी तोंड लावले असेल तर भोके दिसतात, पण आतले मांस फिकटच असते. आंत्रविषाराने (आतड्यातील विषाच्या रोगाने) किंवा कोवळ्या ज्वारीच्या विषबाधेने रात्री मेलेली शेळी पहाटे कुत्र्याने नाहीतर कोल्ह्याने फाडावी आणि सकाळी मालकाने ‘लांडग्याने मारली’ म्हणून गाव गोळा करावे, हे प्रकार थोडेथोडके नसतात. मात्र हे कातडी सोलणे आपण करू नये. पशुधन विकास अधिकारी आल्यावर त्यांच्याकडून करून घ्यावे आणि तोपर्यंत जनावर जागेवरून हलवू नये. पाऊलखुणा असतील तर त्यांवर पाटी उलटी घालून ठेवावी, नाहीतर बघ्यांच्या पायांखाली त्या पहिल्या दहा मिनिटांत पुसल्या जातात. लांडग्याचे पाऊल लांबट असते, पुढची दोन बोटे जवळजवळ आणि पुढे निघालेली, आणि माग बराचसा एका रेषेत जातो. कुत्र्याचे पाऊल गोलसर, बोटे फाकलेली आणि चाल नागमोडी. कोल्ह्याचे पाऊल यांच्या निम्म्याने.

आता भरपाईविषयी. वाघ, बिबट्या, लांडगा, तरस, कोल्हा इत्यादी वन्यप्राण्यांनी शेळी किंवा मेंढी मारली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती वन विभागाकडून मिळते. गाय, म्हैस, बैल यांच्यासाठी ही मर्यादा ७०,००० रुपये आहे. घटनेपासून ४८ तासांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवावे लागते. वनरक्षकाचा फोन लागत नसेल तर १९२६ या क्रमांकावर नोंद करावी आणि नोंदीची वेळ लिहून ठेवावी.

आणि येथेच खरी गोम आहे. मोकाट कुत्रा हा वन्यप्राणी नाही. पंचनाम्यात ‘कुत्रा’ हा शब्द आला की वन विभागाची भरपाई संपते. त्यामुळे शेळी कोणीही मारलेली असो, मालक लांडगाच सांगतो, साक्षीदारही लांडगाच सांगतात, आणि मी कोणाला दोष देत नाही, कारण ज्याची शेळी गेली त्याला पैसे मिळावेत असे पंचनामा करणाऱ्यालाही वाटते. परिणाम मात्र असा होतो, की कागदावर लांडग्यांची संख्या आणि त्यांचे गुन्हे वाढत जातात आणि कुत्र्यांबद्दल कोणी काहीच करत नाही.

आपल्याकडे टोळ्या गेल्यावरच हे प्रकार का वाढतात, याचाही विचार करावा. माणसे जातात, कुत्री मागे राहतात. रोजची भाकरी बंद झालेली ही कुत्री एकत्र येतात आणि पोल्ट्रीवाल्यांनी ओढ्यात टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर, उघड्यावर फेकलेल्या मेल्या जनावरांवर जगतात. पूर्वी असे जनावर गिधाडे तासाभरात साफ करीत. डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडे संपत आली, २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली, पण गिधाडे परतली नाहीत आणि त्यांचा घास कुत्र्यांकडे गेला. लांडग्याच्या मादीची पिल्ले देण्याची वेळही साधारण हिवाळाच असल्याने त्याच महिन्यांत तोही गावाजवळ अधिक दिसतो, आणि दोघांचा हिशेब एकाच वहीत लिहिला जातो.

तूर-हरभरा (रेणापूर, जि. लातूर)

ज्याच्याकडे एकही शेळी नाही असा शेतकरी मीही आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. हरणांचा कळप कोवळ्या हरभऱ्यात उतरला किंवा रानडुकरे भुईमुगात शिरली, तर एका रात्रीत जे नुकसान होते ते पाहिल्यावर लांडगा दिसल्याचा आम्हाला आनंदच होतो. तो डुकरांची पिल्ले आणि हरणांची पाडसे धरतो. कोल्हा उसात राहतो, दोन कांडी खातो, पण उंदीरही खातो. आमच्या शेजारी शेळीवाले राहतात आणि त्यांच्यासमोर मी हे बोलत नाही, हेही प्रांजळपणे सांगतो. बालाघाटकर, आपल्या गावच्या शेतकऱ्याने बैठकीत जे मत दिले त्यामागे प्राणिप्रेम असेलच असे समजू नये.

वाड्यावरचा (आष्टी, जि. बीड)

आमचा वाडा पावसाळा संपला की घाट उतरून फिरतीवर जातो. मी पदवीपर्यंत शिकलो असलो तरी सुगीनंतरचे महिने मेंढरांमागेच जातात. बैठकीत ज्यांनी विरोध केला त्यांना मी ओळखत नाही, पण ते काय म्हणाले असतील हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे जुनी माणसे म्हणतात, की लांडगा आपला वाटा नेतो. कोकरू गेले तर आम्ही हाळी देतो, गोफण फिरवतो, कुत्री सोडतो, सापडले तर कोकरू सोडवून आणतो; पण त्याच्या बिळावर जाऊन पिल्ले मारणे आमच्या वाड्यावर कोणी केलेले माझ्या ऐकण्यात नाही.

यात श्रद्धा आहे, तसा हिशेबही आहे. एखाद्या माळावर वर्षानुवर्षे राहणारी लांडग्याची जोडी आम्हाला ओळखीची असते. ती कोणत्या ओघळीतून येते, दिवस मावळताना कोणत्या बांधाशी दबा धरते, हे आमच्या म्हाताऱ्यांना माहीत असते आणि मेंढरे त्या बाजूने नेताना कुत्री पुढे काढली जातात. ती जोडी मारली तर माळ मोकळा राहत नाही. दुसरे लांडगे येतात, नाहीतर मोकाट कुत्री येतात, आणि कुत्री लांडग्याइतकी माणसाला भीत नाहीत. गेल्या काही वर्षांत आम्हाला लांडग्यापेक्षा गावकुसाबाहेरच्या कुत्र्यांचाच जाच अधिक आहे. ती आमच्या राखणीच्या कुत्र्यांना चावतात आणि रोग देऊन जातात. पुणे जिल्ह्यात तर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून झालेली जनावरे आढळली आहेत; ती गावाजवळ आली तर माणसाला किती भितील, याचा मला तरी अंदाज बांधता येत नाही.

भरपाईबद्दल पर्यवेक्षक साहेबांनी लिहिले ते बरोबर आहे, परंतु फिरत्या माणसाला ती मिळवणे अवघड जाते. मेंढरे एका शेतात खतासाठी बसवलेली असतात. शेतकऱ्याशी जेवढ्या रात्रींचा करार झाला असेल तेवढ्या झाल्या की वाडा हलवावाच लागतो. कोकरू अंबाजोगाईच्या हद्दीत गेले, पंचनाम्याला साहेब येईपर्यंत आम्ही केजच्या पुढे, आणि बँकेचे पुस्तक आष्टीच्या घरी. म्हणून आमच्यातील बहुतेक जण अर्जच करीत नाहीत, आणि आमचे नुकसान सरकारदरबारी दिसत नाही. ‘धनगरांची तक्रार नाही’ असे कोणी म्हणत असेल तर त्याचा अर्थ एवढाच घ्यावा.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. आमच्या वडिलांच्या काळी माळ मोठा होता, त्यात ससे होते, हरणे होती, लांडग्याला मेंढरांवाचून दुसरेही काही मिळत असे. आता गायरानावर अतिक्रमणे झाली, कुठे खाणी आल्या, कुठे वृक्षलागवडीसाठी चर खोदले गेले आणि चराईबंदी झाली. त्याच्या आणि आमच्या वाट्याला उरलेला तुकडा एकच आहे, म्हणून गाठ वारंवार पडते.

शेळीवाली (कळंब, जि. धाराशिव)

वाड्यावरच्या दादांचे लिहिणे मनापासून आहे, हे मान्य. तरीही ‘लांडगा आपला वाटा नेतो’ हे दीडशे-दोनशे मेंढरे असलेल्या माणसाने म्हणणे आणि पाच शेळ्या असलेल्या बाईने ऐकणे, यांत फार अंतर आहे. दोनशेतील एक कोकरू गेले तर तो वाटा होतो. पाचांतील दोन गेल्या तर बचत गटाचा हप्ता थकतो, आणि हप्ता थकला की गटातील इतर बाया दारात येऊन बसतात.

१५,००० रुपयांच्या मर्यादेविषयीही लिहायला हवे. बकरी ईदसाठी वर्षभर राखलेल्या चांगल्या बोकडाचा भाव त्या मर्यादेच्या पुष्कळ वर जातो, तेव्हा मर्यादा आडवी येते. आणि साध्या शेळीचा भाव पंचनाम्यात असा लावला जातो, की त्याच्या ७५ टक्क्यांत तशी शेळी कोणत्याही बाजारात मिळत नाही. आमच्या उस्मानाबादी शेळ्या बहुतेक वेळा जुळी देतात. गाभण शेळी मेली तर घरातून तीन जीव जातात, कागदावर एकच लिहिला जातो. आणि कुत्र्यांनी मारली तर एकही नाही! तेव्हा लोक खोटे का सांगतात, असे विचारण्याआधी खरे सांगणाऱ्याला काय मिळते, हे पाहावे.

‘रात्री राखण करा’ हा सल्लाही सर्वजण सहज देतात. राखण कोण करते? पुरुष तोडीला किंवा पुण्याला, पोरांची शाळा, मग सासूने किंवा सुनेने दिवसभराच्या कामानंतर गोठ्याच्या दाराशी गोधडी टाकून झोपायचे. थंडीच्या दिवसांत ते करून पाहावे आणि मग सल्ला द्यावा. मी विष घालण्याच्या बाजूची नाही, कारण आमच्या शेजारच्या वस्तीवर कोणीतरी असे मांस टाकले होते आणि त्यात राखणीचा कुत्राच मेला, लांडगा नव्हे. पण ज्या बैठकीत विषाची भाषा निघाली तिथली माणसे दुष्ट आहेत असे मला वाटत नाही. त्यांच्याकडे दुसरा उपाय कोणी नेलाच नाही.

आमच्या गटातील सहा जणींनी मिळून एकच काम केले. शेळ्या वेगवेगळ्या दारांत बांधण्याऐवजी दोन-दोन घरांच्या मिळून एका भक्कम खोलीत कोंडायला सुरुवात केली. विटांची भिंत, वर पत्रा, दाराला खालपर्यंत जाळी आणि उंबऱ्याखाली दगड, कारण कुत्रा असो वा लांडगा, फटीखाली उकरूनच आत येतो. करडे आणखी आत, डालीखाली. खर्च झाला, तो वाटून घेतला. त्यानंतर रात्रीचे नुकसान थांबले. दिवसा माळावरचे अजून होते.

परभणीकर

मी पशुवैद्यकीय क्षेत्रात काम करतो, म्हणून विष आणि कायदा या दोन गोष्टींवर लिहितो.

लांडगा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हाही त्याच अनुसूचीत आला आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याची शिकार केल्यास किमान तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. विष घालणे, सापळा लावणे आणि तारेत वीज सोडणे हे सर्व शिकारीतच मोडते. अशा प्राण्याला मारण्याची परवानगी केवळ मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, आणि तीही तो माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला किंवा बरा न होण्याइतका जखमी अथवा रोगी असला तरच. शेळ्या मारल्या, एवढ्या कारणावर ती मिळत नाही. तारेतल्या विजेने दरवर्षी शेतकरीच मरतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको.

विष घालणारा माणूस ते कोणासाठी घालतो हे त्याला माहीत असते, पण ते कोण खाणार हे त्याच्या हातात नसते. शेळीच्या मांसात भरलेले कीटकनाशक पहिल्यांदा खातो तो गावातला कुत्रा, मग घार, कावळा, मुंगूस, खोकड. लांडगा बहुधा सर्वात शेवटी, कारण तो नव्या वस्तूला बिचकतो. ओढ्यात टाकलेले ते मांस पाण्यात गेले तर जनावरे पाणी कोठले पितात, हा प्रश्न वेगळाच.

लांडगे मारून प्रश्न सुटतो काय, याचा अनुभव आपल्या देशाला आहे. ब्रिटिश अमदानीत लांडग्याच्या डोक्यावर बक्षीस असे, आणि १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत सुमारे दोन लाख लांडगे मारले गेल्याचा इतिहासकारांचा हिशेब आहे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो आकडा आपल्या माळांचा नव्हे. आज देशात भारतीय लांडगे दोन-तीन हजारांच्या आसपास उरले आहेत, म्हणजे संख्येने ते वाघांच्याही खाली असू शकतात. आणि तरी शेळ्या मरतातच, कारण त्यांची जागा कुत्र्यांनी घेतली.

अमेरिकेत तर हा प्रयोग याहून मोठ्या प्रमाणावर अजून चालू आहे. तिकडे कायोटी नावाचा प्राणी आहे, आकाराने आपला कोल्हा आणि लांडगा यांच्या मधला. पश्चिमेकडील राज्यांत मोकळ्या कुरणांवर मेंढ्या राखणारे लोक त्याचा मनापासून द्वेष करतात, आणि त्यांच्या मागणीवरून केंद्र सरकारचे एक खाते कायोटी मारते. एकेका वर्षात मारलेल्यांचा आकडा अनेकदा साठ हजारांच्या वर गेला आहे. विमानातून गोळ्या घालतात, सापळे लावतात. विषाचा वापरही एके काळी सरसकट होता, त्यावर १९७२ मध्ये मोठे निर्बंध आले. एवढे करून कायोटी कमी झाला नाही, उलट विसाव्या शतकात तो जवळजवळ साऱ्या उत्तर अमेरिका खंडात पसरला. यामागचे कारण वाड्यावरच्या दादांनी पुस्तक न उघडता लिहिलेच आहे. जमलेली जोडी मारली, की टोळीतील ज्या माद्या एरवी व्याल्या नसत्या त्याही विऊ लागतात आणि मोकळ्या जागेत बाहेरचे तरुण नर येतात. मेंढ्यांच्या वाटेला न जाणारी जोडी मारली गेली, तर तिच्या जागी मेंढ्या मारणारी येऊ शकते. कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीने २००० च्या सुमारास सरकारी शिकाऱ्यांचा करार थांबवून तोच पैसा मेंढपाळांना राखणीचे कुत्रे आणि कुंपण यांसाठी द्यायला सुरुवात केली. तेथील सर्व मेंढपाळ त्यावर खूश होते असे नाही, आणि ‘शहरातल्या लोकांना आमचे दुःख काय कळणार’ हे वाक्य तिकडेही शेळीवाली ताईंइतक्याच त्वेषाने बोलले जाते. काही ठिकाणी कळपात गाढव सोडतात, कारण गाढवाला कुत्र्याच्या जातीचा उपजत राग असतो आणि ते लाथांनी कायोटीला पळवून लावते. आपल्याकडे वाड्याबरोबर गाढवे असतातच, मात्र त्यांना पुढच्या मुक्कामाचे ओझे वाहायचे असते.

मुलांच्या काळजीबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. पिसाळलेला लांडगा माणसाला चावू शकतो, तसाच पिसाळलेला कुत्राही, आणि कुत्र्याची शक्यता कितीतरी अधिक आहे. कोणीही चावले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये, आणि त्याच दिवशी रुग्णालयात लस घ्यावी. जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) मागून घ्यावे.

बालाघाटकर

सर्वांचे आभार. चार शेळ्या मेल्या त्या घरी काल पुन्हा गेलो होतो. त्यांनी मेलेल्या शेळ्यांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवले होते. चावे मांड्यांवर आणि कासेवर आहेत, गळ्यावर एकाही शेळीच्या नाहीत, आणि मांस जवळजवळ तसेच आहे. पर्यवेक्षक साहेबांनी लिहिलेले वाचून दाखवल्यावर घरातील आजी म्हणाल्या, की त्या रात्री भुंकणे पुष्कळ ऐकू आले होते, पण कुत्रे सांगितले तर पैसे मिळणार नाहीत असे सर्वांनी बजावले होते. त्या घराला वन विभागाकडून काही मिळणार नाही, हे मला त्यांच्या तोंडावर सांगावे लागले. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून काही करता येते काय, ते ग्रामसेवकांना विचारले आहे. पाठ गेली त्या माणसाने मात्र ४८ तासांच्या आत कळवले होते आणि त्याचा पंचनामा झाला आहे.

ग्रामसभेसमोर मी तीन विषय ठेवणार आहे. पोल्ट्रीवाल्यांनी मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात, हा पहिला. कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासाठी पंचायत समितीकडे लेखी मागणी करावी, हा दुसरा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार ही जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे, पण आमच्या तालुक्यात त्यासाठीचे शस्त्रक्रियागृह मी अद्याप पाहिलेले नाही, त्यामुळे या विषयावर टाळ्या पडतील आणि काम होणार नाही अशी भीती वाटते. तिसरा विषय कळंबच्या ताईंनी सांगितलेल्या सामाईक खोलीचा. विषाचा विषय मी यादीत घेतलेला नाही. कोणी काढलाच तर परभणीकरांचे उत्तर छापून ठेवले आहे.

वाड्यावरच्या दादांना एक विचारायचे आहे. आमच्या माळावर उतरलेल्या वाड्याभोवती दोरीची जाळी दिसते. तशी वाघर घेऊन शेळ्यांभोवती लावली तर चालेल काय?

वाड्यावरचा

चालणार नाही. वाघर लांडग्याला अडवत नाही, तो ती सहज ओलांडतो. ती मेंढरांसाठी असते. रात्री काही शिरले की मेंढरे घाबरून चौफेर उधळतात, आणि जी फुटून अंधारात जातात तीच मरतात. जाळी असली की ती एका जागी गोळा राहतात आणि बाहेर झोपलेल्या माणसाला व कुत्र्यांना काही करता येते. मेंढरू घाबरले की गोळा होते, शेळी घाबरली की उडी मारते, त्यामुळे शेळ्यांना ताईंनी सांगितलेली पत्र्याची खोलीच बरी.

दिवसाच्या चराईसाठी मात्र एक गोष्ट करता येईल. आपल्याकडे प्रत्येक घरच्या चार-पाच शेळ्यांमागे एक म्हातारे माणूस किंवा पोर माळभर विखुरलेले असते. त्या सर्व शेळ्या एकत्र करून पाळीपाळीने दोन माणसांनी राखाव्यात, एकाने पुढे आणि एकाने मागे राहावे, आणि दिवस मावळण्याच्या आत ओघळीची बाजू सोडून वर यावे. आपल्या माळावर सध्या ज्यांचा वाडा आहे त्यांना विचारा. बीळ कोणत्या अंगाला आहे हे त्यांना बहुधा ठाऊक असेल. ते आपल्याला सांगतील, पण पारावर सांगू नका.